सोमवारची वाट

चिंचरगा, ता. उदगीर
२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

सोमेश,

शरणु. खुशालीचं तू लिहू नको आन् मीबी लिहीत न्हाई. काल अंगणवाडीच्या पुनमच्या फोनात मी तुझं नवं घर बघितलं.

घर चांगलं हाय. दोन मजली, दाराला झेंडूचं तोरण, हॉलात तुझ्याच दुकानातल्या टाइल्स, एवढ्या चकचकीत की माणसानं त्यात बघून भांग पाडावा. त्या टाइल्सवर आपली गाय पारव्वा उभी. पाठीवर जरीची झूल, कपाळाला हळदकुंकू, गळ्यात अप्पांची पितळी घंटी. तिच्या पुढं तुझ्या बायकोची, मंजुश्रीची धाकटी बहीण डोक्यावर कळस घेऊन. फोटोखाली 'गृहप्रवेश' आन् तारीख. तारीख मी दोनदा वाचली, मंग पुनमला म्हणलं तूच वाचून दाखव, माझा चष्मा जुना झालाय.

त्या तारखेच्या आदल्या दिवशी तू मला काय सांगितलं होतंस ते आठव. पारव्वाच्या शिंगाला कीड लागलीय, नांदेडच्या मोठ्या डॉक्टरला दाखवतो, दोन रोजात आणून सोडतो. मी म्हणलं, अप्पांचा नेम हाय, मिरगापासून दसऱ्यापर्यंत पारव्वा गावाची शीव ओलांडत न्हाई. तू म्हणलास, "अक्का, नेम मोठा का जनावराचा जीव मोठा?" मी दावं सोडून तुझ्या हातात दिलं. घंटी काढायला लागले तर म्हणलास राहू दे, गाडीत बुजंल. मी तुला वाटेत खायला भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वर गावभर सांगत फिरले की माझ्या भावाला मुक्या जनावराची किती काळजी हाय. आता तेच लोक माझ्याकडं बघून मान खाली घालतात.

मागच्या सोमवारी पाणी आलं ते तू टीव्हीवर बघितलं असशील. टीव्हीवर पूल दिसतो, शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसतं. आपला गोठा दिसत न्हाई.

रातभर पाऊस होता. सकाळी धार काढून उठले तवा पुढून नदी आन् मागून ओढा, दोन्हीकडून पाणी गोठ्याला भिडून राहिलं होतं. मी घाबरले न्हाई. अप्पांची सुरगाठ हाय, एका हिसक्यात सुटते, साखळी आपण कधी लावलीच न्हाई. भराभरा सगळी दावी सोडली. नऊच्या नऊ जनावरं अंगणात आली. आन् उभी राहिली.

कुणाच्या मागं जातील सांग ना. आपण लिंगवंत, सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाई. त्या दिवशी अप्पा सगळी दावण सोडायचे, पारव्वाला घंटी बांधून पुढं घालायचे आन् महादेवाच्या माळावर न्यायचे. सरळ गल्लीनं न्हाई, बांधाबांधानं लांबच्या वाटंनं. लोक हसायचे, पंचाक्षरीअप्पाची गुरं दर्शनाला निघाली म्हणायचे. पण त्या वाटेला कितीबी पाऊस झाला तरी पाणी चढत न्हाई. अप्पा गेल्यावर, तू पारव्वाला नेईपर्यंत, मीबी तो नेम एक सोमवार चुकवला न्हाई. तुला हे सगळं ठाऊक हाय, तरी लिहून राहिले, कारण तू विसरलास असं मला समजायचंय. विसरला न्हाईस असं समजले तर माझ्यानं तुझं नाव घेववणार न्हाई.

जनावर माणसाचा जीव ओळखतं, पण पाण्यात पाय घालायचा तर त्याला आपल्यातलंच कुणीतरी पुढं लागतं. मी हाका मारल्या, पितळी ताट बडवलं. ती नुसती कान हलवत बघत राहिली. मंग पाणी गुडघ्याला आलं, भेदरली, आन् वळून सगळी परत गोठ्यात शिरली, जो तो आपापल्या दावणीवर, आपापल्या जागेवर. भ्यालेलं जनावर घरीच जातं. मी नाग्या बैलाचं दावं हाताला गुंडाळून ओढलं. मडिवाळप्पा काकांनी मला मागून धरून ओढत चावडीच्या कट्ट्यावर नेलं, न्हाईतर हे पत्र तुला दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं.

कडब्याच्या गंजीवर चढलेल्या दोन कालवडी राहिल्या. त्यातली एक पारव्वाची गिरजा. बाकी सात गेली. परवा पोळा झाला. मी खांदेमळणीचं तूप कढवून ठेवलं होतं, ते तसंच गडूत गोठलंय.

फोनवर तू गोड बोलतोस आन् मी विरघळते, म्हून कागद धरला. पारव्वाला आन् घंटीला आणून सोड. आन् मला एकच सांग, बहिणीला का बोलावलं न्हाईस?

अक्षर वाकडं आलंय. पेन नवा हाय.

शिवकांता


चिंचरगा
१९ सप्टेंबर २०२५

सोमेश,

मला कागद लिहायला तुला वेळ न्हाई, पण मडिवाळप्पा काकांच्या फोनात बोलून ठेवायला वेळ हाय. काकांनी चावडीपुढं तो फोन मोठ्यानं लावला, त्यांना हळू करता येत न्हाई. तुझी सगळी कैफियत माझ्याबरोबर गावानं ऐकली.

तू म्हणतोस अस्मानीपुढं कुणाचं चालत न्हाई. बरोबर हाय. अस्मानीचं मी बघून घेते, तू तुझ्या सुलतानीचं बोल.

तू म्हणतोस, सासूबाई जुन्या वळणाच्या हायत, नवऱ्यामागची बाई पहिल्या पावलाला नको म्हणाल्या, तुझा नाइलाज झाला. सोमेश, आपल्या गळ्यात लिंग हाय. बसवण्णांनी आपल्यातला विटाळ मोडला, हे तुला मीच शिकवलं, तू माझ्या मांडीवर बसून भस्म लावून घ्यायचास तवा. तुझे दाजी गेले आन् मी या घरी परत आले, त्या दिवशी अप्पांनी गावासमोर माझ्या हातानं कळस पुजला. त्या घरातला तू. आन् एक सांग, पारव्वाला कुणी विचारलं का गं बाई, तुझा बैल जिता हाय का? गाय चालली तुला. बहीण चालली न्हाई.

तू धाडलेली साडी मिळाली. पुनमच्या हाती परत धाडलीय.

तू म्हणतोस पारव्वा मजेत हाय, शेजारचे लोक रोज चपाती घालतात, तिला सोडत न्हाईत, दसऱ्यानंतर बघू. आन् तवर मला एक जर्सी घेऊन देतोस. जर्सी दूध देईल. माळाची वाट कोण देणार? पारव्वाला ती वाट तिच्या आईनं दिली, तिच्या आईला तिच्या आईनं. कालवड आईच्या मागं सोमवारमागून सोमवार चालते तवा कुठं ते तिच्या खुरात उतरतं. गिरजा नुकती चालायला लागली होती. आता आभाळ गडगडलं की दोघी कालवडी एकमेकीला चिकटून थरथरतात, वैरण खात न्हाईत. यंदा पाऊस काही सरत न्हाई. परत नदी फुगली तर मी काय करू? मी रोज आभाळाकडं बघून राहिले, आन् तू म्हणतोस दसऱ्यानंतर.

तू सहा वर्षांचा होतास तवाचं पाणी तुला आठवतं का? अप्पा मला म्हणले, लेकराला सोडू नको. मी एका हातानं तुला धरलं, तुझ्या हातात पारव्वाच्या आईची शेपटी दिली. तू रडत न्हव्हतास. घंटी वाजत होती आन् तू तिच्या मागं मागं, गुडघाभर चिखलातून, पार माळावर. वर पोचल्यावर म्हणलास, अक्का, ही गाय माझी. म्हून म्हणते, त्या घंटीचा अर्थ या जगात दोनच माणसांना पुरता ठाऊक होता. एक मी. आन् दुसरा ती टेम्पोत घालून घेऊन गेला.

घटस्थापनेच्या आत पारव्वाला धाड. तुझ्या हातानं न्हाई जमलं तर भाड्याच्या गाडीनं धाड. मी वेशीत उभी राहीन.

हाताचं काका तुला बोलले म्हणं. त्यांना सांगायला नको म्हणलं होतं. दाव्यात दोन बोटं सापडली, डॉक्टरनं काढली. डाव्या हातानं लिहायला शिकून राहिले. त्याचं तू मनाला लावून घेऊ नको, बाकीच्याचं घे.

शिवकांता


चिंचरगा
२६ ऑक्टोबर २०२५

सोमेश,

भाऊबीजेला तू आला न्हाईस, म्हून मीच आले होते. तू दुकानात होतास. मंजुश्रीनं तुला फोन लावला तर तू म्हणलास गिऱ्हाईक हाय, येतो तासाभरात. मी थांबले न्हाई. तुझ्या घरात तुझ्यामागं काय झालं, ते तुला कळायला पायजे.

उदगीरहून नांदेडची गाडी धरली. मांडीवर ओवाळणीचं ताट फडक्यात बांधलेलं. कंधारला गाडी लई वेळ थांबली तवा एक बाई म्हणली, भावाकडं निघाला जणू. मी हाव म्हणलं. अजून माझ्या मनात होतं रे, की तुझं तोंड बघितलं की राग उतरंल.

तुझ्या दारात पाय ठेवायच्या आधी डोक्याशी काहीतरी वाजलं. वर बघते तर अप्पांची घंटी. चौकटीला टांगलेली, खाली लाल गोंडा लावलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं हात लावून वाजवायची. शेजारचं एक पोर माझ्यादेखत वाजवून पळालं. ज्या आवाजामागं सात जीव चालले असते, तो आवाज तुझ्या दाराला शोभेला होता.

मंजुश्री बाहेर आली आन् माझ्या पाया पडली, आन् उठलीच न्हाई. मी विचारलं पारव्वा कुठं हाय. तिनं चप्पल घातली, मला घेऊन मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेली. पत्र्याच्या आडोशाला पारव्वा बसलेली. मला बघून उठायला गेली. पुढचे पाय टेकले, मागचा एक उचलेना. तशीच धपकन खाली बसली आन् हंबरली.

मग मंजुश्रीनं सांगितलं. फोटो काढून झाला, कुणीतरी फटाक्याची माळ लावली, पारव्वा बिचकली. मातीतलं जनावर, त्या टाइल्सवर खूर ठरतो होय? मागचा पाय निसटला आन् खुबा निखळला. पाहुण्यांसमोर ती हॉलात बसली ती बसलीच. चार जणांनी ताडपत्रीवर घेऊन बाहेर काढली. त्याच दिवशी, सोमेश. गृहप्रवेशाच्याच दिवशी. म्हणजे पाणी यायच्या आधी दहा रोज तुला कळलं होतं की पारव्वा आता परत माळ चढत न्हाई.

मला एक शब्द सांगितला असतास. अक्का, चुकलं, गाय पडली, एवढं म्हणला असतास तरी मी ओरडले असते, रडले असते, आन् उठून पहिली घंटी परत मागितली असती. दुसऱ्या दिवसापासून गिरजाच्या गळ्यात बांधून तिला वाटेला लावलं असतं. न्हाई चालली असती तर सगळी दावण उचलून माळावर नेऊन बांधली असती. हातात दहा रोज होते माझ्या. मी ते दहा रोज पारव्वा येईल म्हून वेशीकडं बघण्यात घालवले. ती सात जनावरं पाण्यानं न्हाई मारली.

मी मंजुश्रीला म्हणलं, तुझ्या आईनं माझं पाऊल नको म्हणलं, ते मी सोडून दिलं, म्हाताऱ्या माणसाचं काय धरायचं. तर ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणली, "आई? आई तर म्हणत होती अक्कांशिवाय कळस कोण घेणार. हेच म्हणले, दुकानातली मोठी माणसं येणार हायत, पहिल्या पावलाला अक्का नको."

तिचा काय दोष. तिनं माझा हात हातात घेतला तवा तिला बोटांचं कळलं. तू घरात तेवढंबी सांगितलं न्हव्हतंस.

ओवाळणीचं ताट तुझ्या देवापाशी ठेवलंय. स्टूल घेऊन घंटी मीच काढली. गोंडा तिथंच ठेवला, तो तुझा हाय. कंधार रोडला एक टेम्पोवाला मिळाला, दयानंद नावाचा, त्यानं आन् त्याच्या सोबतच्यानं पारव्वाला गोणपाटाच्या झोळीत घालून अलगद वर घेतलं, खाली भुसा अंथरला. मी मागं तिच्यापाशी बसून आले. लोह्याच्या पुढं तिनं मान माझ्या मांडीवर टाकली.

लोक काय म्हणतील म्हून तू हे केलंस, असं तू आता म्हणशील. लोक न्हाई रे. दार तुझं होतं.

शिवकांता


महादेवाचा माळ, चिंचरगा
२४ मे २०२६, रविवार

सोमेश,

मंजुश्रीचा फोन येतो, तिच्याकडून तुला गावचं कळत असंल. तरी हे मी माझ्या हातानं कळवते. डाव्या हातानं आता ओळ सरळ येते.

पारव्वा हाय. जनावरांच्या डॉक्टरनं खुबा बसवला, पण ती तीन पायांवरच चालते, गोठ्यापासून हौदापर्यंत. माळाची वाट तिला पुन्हा चढायची न्हाई. तिला टेम्पोनं वर आणलं, ती आता इथंच राहते.

मागच्या दिवाळीनंतरचा पहिला सोमवार आला तवा मी गिरजाच्या गळ्यात घंटी बांधली. ती जागची हलेना. घंटीचा आवाज आला की ती पुढं बघायची, आई कुठं चाललीय म्हून. आपल्याच गळ्यात वाजतंय हे तिला कळेना. दुसऱ्या सोमवारीबी तेच. तिसऱ्या सोमवारी मी घंटी सोडली आन् माझ्या कमरेला बांधली. पदर खोचला आन् बांधावरून चालायला लागले. मागं बघितलं न्हाई. अप्पा म्हणायचे, पुढं चालणाऱ्यानं मागं बघितलं की मागच्याला शंका येते. ओढ्याच्या वळणावर मला खुरांचा आवाज आला. दोघी माझ्या मागं होत्या.

गाव हसलं. मडिवाळप्पा काका म्हणले, शिवकांता, पोळ्याला तुझीच शिंगं रंगवू. मी म्हणलं रंगवा, पण पुरणपोळी पोटभर पायजे. चार-पाच सोमवारांनी काकांनीच त्यांच्या म्हशी माझ्या मागं लावल्या. मंग शेजारची गुरं आली. पुनमच्या सासऱ्यानं त्याच्या शेळ्या आणल्या, त्या कुणाच्याच मागं चालत न्हाईत, तरी येतात. ज्यांनी गोठ्यात साखळ्या लावल्या होत्या त्यांना मी घरोघर जाऊन सुरगाठ शिकवली, दोन बोटं कमी असून. शिव्याबी दिल्या, त्याशिवाय शिकत न्हाईत. आता सोमवारी सकाळी नदीकडची सगळी आळी रिकामी होते आन् मी कमरेला घंटी बांधून सगळ्यांच्या पुढं असते. शिवरात्रीनंतर घंटी परत गिरजाच्या गळ्यात बांधली, ती माझ्या बरोबरीनं चालते. मिरगापर्यंत ती एकटी पुढं जाईल. न गेली तर मी हायच.

वर महादेवाच्या मागं सगळ्यांनी मिळून पत्र्याचा गोठा घातलाय. तुझ्या दुकानासारखा चकचकीत न्हाई. खाली मुरूम दाबून घेतलाय, खूर ठरावा म्हून. कडबा आत्ताच भरून ठेवलाय. आभाळ फिरलं की कुणी कुणाची वाट न बघता इथं यायचं, असं ठरलंय.

उद्या सोमवार. उद्या गोठ्याचा प्रवेश हाय. मठातले स्वामी येणार हायत. त्यांनी विचारलं कळस कुणाच्या डोक्यावर, तर काका म्हणले, हे काय विचारणं झालं, दर सोमवारी पुढं चालते तीच. पहिलं पाऊल माझं, मंग गिरजा, मंग सगळी. पारव्वा आतच बसून असंल, तिला हार घालू.

तुझ्यावरचा राग गेला का, असं मंजुश्री विचारते. तिला मी काही उत्तर दिलं न्हाई. तुला देते. राग गेला असता, तर त्या सात दावणी मी अजून खाली नदीकडच्या गोठ्यात तशाच ठेवल्या नसत्या. जाता-येता बघते. तू लहानपणी शेपटी धरून चढलास ती आठवणबी जात न्हाई आन् हेबी जात न्हाई. दोन्ही घेऊन चालते.

उद्याच्या कार्याला मी सगळ्या गावाला बोलावलंय, मंजुश्रीलाबी. तुला बोलावलं न्हाई. हे तुला आधीच कळवते, म्हणजे उद्या कुणाच्या फोनात फोटो बघून तुला कळायला नको.

शिवकांता